दोन मनांच्या माणसाशी कसे बोलावे?

(वडीलमंडळ, शब्बाथशाळेचे शिक्षक, बायबलबाया व गृहभेटी करणारे सर्व सेवक यांच्यासाठी पाठ)

शास्त्रभाग : योहान ५:१–९, लूक १५:११–२४, मत्तय २१:२८–३१.

दररोजचे वाचन : सोमवार, उत्पत्ति ३:१–१३. मंगळवार, २ शमुवेल १२:१–१३. बुधवार, नीतिसूत्रे १८:१३ व २०:५. गुरुवार, मार्क १०:४६–५२. शुक्रवार, लूक १०:२५–३७. शनिवार, रोमकरांस पत्र ७:१५–२५. रविवार, योहान ५:१–९.

पाठाचा हेतु : व्यसनात किंवा वाईट सवयीत सापडलेला माणूस बहुधा दोन मनांचा असतो. त्याच्या चांगल्या मनाला बोलते कसे करावे, हे प्रभूच्या रीतीवरून व आजच्या अनुभवावरून शिकणे.

प्रस्तावना

प्रिय सेवकबंधुभगिनींनो, अंबड असो की भोकरदन, परतूर असो की मंठा, आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही मंडळीत गृहभेटीस निघालेल्या सेवकाच्या वाटेवर एक घर असे असतेच की, त्याच्या दारापाशी पाऊल जड होते. घरधनी दारू पितो. मंडळीने त्याला समजावले, पाळकसाहेबांनी बोध केला, पंचांनी दटावले, प्रभुभोजनापासून दूर ठेवले, शपथही घालून झाली. शपथ तो घेतो. महिना पंधरा दिवसांत मोडतो. आणि पुढच्या खेपेस सेवक येताना दिसला की मागल्या दाराने निघून जातो. घरात बायको रडते, मुले गप्प असतात. सेवक प्रार्थना करून परत फिरतो आणि मनात म्हणतो, ह्याला आणखी काय सांगायचे राहिले?

सांगायचे फारसे काही राहिलेले नाही, हीच ह्या प्रश्नाची किल्ली आहे. दारू वाईट आहे हे त्या माणसाला आपल्याहून अधिक ठाऊक आहे, कारण तिचा मार तो व त्याचे घर रोज खात आहे. म्हणून त्याचे ऐकायचे काय राहिले, हा प्रश्न आज आपण विचारणार आहोत.

१. दोन मने

पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात आपल्या अंतरातील झगडा उघड केला आहे. जे करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच घडते, अशी ती अवस्था. प्रेषितासारख्या माणसाने हे लिहावे, यावरून इतके तरी शिकावे की दोन मने असणे हे ढोंग नव्हे व वेडही नव्हे; ती पतित मानवाची नित्याची स्थिती आहे. व्यसनी माणसाचे एक मन म्हणते, ‘सोडावी’. दुसरे म्हणते, ‘सोडली तर संध्याकाळ कशी काढू?’ तंबाखू मळणारा, मिसरी लावणारी, २०१२ पासून राज्यात बंदी असूनही चोरून गुटखा खाणारा, क्षयाचे औषध बरे वाटताच मध्येच टाकणारा, शेजाऱ्याशी वैर धरून बसलेला, ह्या सर्वांची गत एकच आहे.

आता तराजूचा विचार करा. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी आहेत. आपण येऊन एका पारड्यावर सगळा भार टाकतो : ‘दारू सोड, घर बुडाले, लाज नाही का?’ माणसाचा स्वभाव असा आहे की त्याच्या मनातील अर्धी बाजू कोणी दुसराच बोलू लागला, तर उरलेली अर्धी तो स्वतः बोलू लागतो. ‘कोण पीत नाही? माझ्या कष्टाची पितो. तुमच्या घरचं काय?’ हे शब्द आपणच त्याच्या तोंडी घालतो. आणि माणूस जे स्वतःच्या तोंडाने वारंवार बोलतो, तेच त्याला हळूहळू पटत जाते. अशा रीतीने चांगल्या हेतूने केलेला उपदेशही पिण्याची बाजू बळकट करून घरी परततो.

दुसऱ्याची चूक दिसताच ती तत्काळ सुधारावी, अशी जी ओढ आपल्याला होते ती प्रेमातूनच येते, म्हणून तिची लाज नको. पण तिला लगाम मात्र हवा. नीतिसूत्रे १८:१३ यात, पुरते ऐकून न घेता उत्तर देणाऱ्याविषयी शलमोन काय म्हणतो ते प्रत्येक सेवकाने गृहभेटीपूर्वी वाचावे.

२. प्रभूची रीत

आपल्या प्रभूने किती उपदेश केला हे आपण जाणतो. त्याने किती प्रश्न विचारले इकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

बेथेसदा तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य पडून होता. त्याला प्रभूने प्रथम विचारले, ते हे की बरे होण्याची तुझी इच्छा आहे काय? वरवर पाहता हा प्रश्न नवलाचा वाटतो. परंतु अडतीस वर्षांत अंथरुणाचीही सवय होते. बरे झाल्यावर भीक मिळणार नाही, काम करावे लागेल, जबाबदारी येईल. त्या मनुष्याचे उत्तर पाहा : तो ‘होय’ म्हणत नाही, आपल्याला पाण्यात सोडणारे कोणी नाही अशी तक्रार सांगतो. प्रभु त्या तक्रारीवर त्याला टोकत नाही. तो ऐकून घेतो, आणि मगच ऊठ म्हणतो.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा ओरडत होता. त्याला काय हवे हे डोळ्यांस दिसत असूनही प्रभूने त्यालाच विचारले. शास्त्री परीक्षा पाहावयास आला तेव्हा प्रभूने नियमशास्त्रात काय आहे हे त्याच्याच तोंडून वदवले, आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून झाल्यावर शेजारी कोण ठरला याचा निवाडाही त्यालाच करावयास लावला. जुन्या करारात नाथान संदेष्टा दाविदापुढे उभा राहिला. राजाला राजवाड्यात पापी म्हणणे सोपे नव्हते. पण त्याने मेंढीची गोष्ट सांगितली आणि दाविदाने आपल्याच मुखाने आपला न्याय केला. त्यानंतरच नाथानाने बोट दाखवले. एदेन बागेत लपलेल्या आदामालाही सर्वज्ञ देवाने प्रथम प्रश्नच केला. माहीत नसलेले कळावे म्हणून तो प्रश्न नव्हता. लपलेल्याने आपण होऊन बाहेर यावे म्हणून होता.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात तर अधिकच स्पष्ट आहे. दूर देशी त्याला कोणी बोध केला नाही. डुकरांच्या शेंगांकडे पाहत तो भानावर आला, बापाच्या घरच्या मजुरांची भाकर व आपली उपासमार यांची त्याने स्वतः तुलना केली, बापाला काय म्हणावे ते शब्द स्वतः जुळवले, आणि मग उठला. पश्चात्तापाचे भाषण त्याचे स्वतःचे होते, म्हणूनच त्याच्या पायांनी ते ऐकले. बापाने मात्र वाटेकडे डोळे लावले होते, आणि लेक दूर असतानाच तो धावला.

नीतिसूत्रे २०:५ यात मनातील संकल्पाला खोल पाण्याची उपमा आहे, आणि समंजस माणूस ते वर काढतो असे सुचवले आहे. आपल्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. विहीर कितीही खोल असो, पाणी तिचेच असते, पोहरा आपला. वरून घागरभर पाणी ओतून कोणी विहीर भरत नाही.

३. ही विद्या आज कोठे वापरतात?

ज्या रीतीचे नमुने शास्त्रात दिसतात तिच्याशी पुष्कळ जुळणारी एक पद्धत मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अनुभवाने बसवली आहे. तिला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. आपण तिला प्रेरक संवाद म्हणू. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाचे विल्यम मिलर हे १९८२ साली नॉर्वे देशी गेले असता, तेथील तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्यांना एक आग्रह केला : मद्यपी माणसाशी तुम्ही कसे बोलता ते करून दाखवा, आणि हाच प्रश्न का विचारला, तेच वाक्य का उचलले, याचे कारण सांगा. त्या प्रश्नोत्तरांतून १९८३ साली मिलर यांचा पहिला लेख निघाला. पुढे १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी ग्रंथ लिहिला, त्याची चौथी आवृत्ति २०२३ साली निघाली. १९९३ साली मिलर व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सल्लागार जितका अधिक खडसावून बोलला, तितके तो मनुष्य वर्षानंतर अधिक पीत होता. दटावण्यावर ज्यांची भिस्त आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

कोणी म्हणेल, हे साहेबलोकांच्या देशातले झाले. आमच्या खेड्यात त्याचे काय? तर आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तेथे संगाथ नावाच्या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, व त्याचा वृत्तांत २०१७ साली लॅन्सेट ह्या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रात आला. अपायकारक प्रमाणात पिणारे १८ ते ६५ वयाचे पुरुष निवडले. अर्ध्यांना नेहमीची काळजी मिळाली. अर्ध्यांना तिच्याशिवाय एका सल्लागाराच्या जास्तीत जास्त चार भेटी मिळाल्या, प्रत्येक भेट सुमारे अर्धा ते पाऊण तास. हे सल्लागार डॉक्टर नव्हते, पदवीधर मानसशास्त्रज्ञही नव्हते. शिकवून तयार केलेली स्थानिक साधी माणसे होती, आणि त्यांच्या बोलण्याचा पाया प्रेरक संवादाचा होता. तीन महिन्यांनी पाहता, नुसत्या नेहमीच्या काळजीने शेकडा २६ जणांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले, तर भेटी मिळालेल्यांत शेकडा ३६ जणांचे आले. मागील चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्यांत शेकडा १८ होते, दुसऱ्यांत ४२. वर्षानंतरही हा लाभ टिकलेला दिसला.

हा चमत्कार नव्हे. शंभरांतील पुष्कळ जण तरीही पीतच राहिले, हे आकडेच सांगतात. तथापि चार भेटींत, साध्या माणसांच्या हातून, इतके घडू शकते. ज्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, तेथील मंडळ्यांत उंबरठ्यावर बसून ऐकणारी चार माणसे मिळू नयेत, असे नाही.

कायद्याचेही आपले एक काम आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठवली गेली. गावातील बायांनी एकजुटीने मतदान करून बाटली आडवी केल्याची उदाहरणे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, व ती स्तुत्य आहेत. परंतु दुकान बंद करणे एक, आणि माणसाचे मन वळणे दुसरे. आजचा पाठ त्या दुसऱ्याविषयी आहे.

४. चार साधने

पहिले, मोकळा प्रश्न. ‘पितोस ना अजून?’ ह्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकेच उत्तर आहे, आणि दोन्ही उत्तरांत लाज आहे. ‘दिवस कसा जातो? दारूने तुला काय मिळते? तिच्यातले काय आवडत नाही?’ हे प्रश्न मोकळे होत. दारूने काय मिळते हेही विचारावे. ते विचारणारा माणूस न्यायी आहे, असे त्याला वाटते.

दुसरे, खरी शाबासकी. खुशामत नव्हे. जे चांगले प्रत्यक्ष दिसते ते नाव घेऊन सांगावे : पिऊनही कामाचा दिवस बुडवला नाही, मुलीचे नाव शाळेतून काढले नाही, आपल्याला बसायला घोंगडी टाकली. ज्याला सर्वांनी टाकाऊ ठरवले त्याला आपल्यात काही उरले आहे असे कळले, तरच तो उभा राहील.

तिसरे, प्रतिसाद. त्याने जे सांगितले त्याचा अर्थ आपल्या शब्दांत त्यालाच परत द्यावा. प्रश्न म्हणून नव्हे, साध्या विधानाने. हे सर्वांत कठीण व सर्वांत उपयोगी साधन आहे. एक प्रश्न विचारला तर दोनदा असा प्रतिसाद द्यावा, असे प्रमाण शिकणाऱ्याने धरावे.

चौथे, गोषवारा. वेचलेल्या कापसाचे शेवटी गाठोडे बांधतात, तसे त्याच्या बोलण्यातील मोलाचे शब्द गोळा करून शेवटी त्याच्या हाती द्यावेत.

मोलाचे शब्द कोणते? ‘सोडावीशी वाटते’, ‘मला जमेल’, ‘पोरांसाठी सोडायला हवी’, ‘असेच चालले तर मरेन’. हे इच्छेचे, आशेचे, कारणाचे व गरजेचे शब्द होत. ते बियाणे आहे. ‘उद्यापासून जाणार नाही’, ‘बहिणीशी बोललो’ हे अंकुर होत. सेवकाचे कान ह्या शब्दांसाठी टवकारलेले असावेत, आणि ते ऐकू येताच त्याने विचारावे, ‘आणखी सांग.’

५. संभाषणाचा एक नमुना

पुढील संभाषण शिकवण्यासाठी रचलेले आहे. मंडळीतील एक वृद्ध वडील, ज्यांना सारे काका म्हणतात, ते मोंढ्यात हमाली करणाऱ्या एका सभासदाकडे गेले आहेत.

काका : आज मी तुला सांगायला आलो नाही. तुझं कसं चाललंय ते ऐकायला आलो. बसू का?

तो : बसा की. पण दारूचं बोलणार असाल तर कैक जणांनी सांगून झालं.

काका : सांगणाऱ्यांचा तुला वीट आलाय.

तो : तर काय! ज्यानं जन्मात पोतं उचललं नाही, तो मला शहाणपण शिकवतो. संध्याकाळी पाठ मोडून येते. थोडी घेतली की रात्र निघते.

काका : दिवसभर पोत्याखाली पाठ मोडते, आणि तिनं तेवढा आराम पडतो.

तो : पडतो... पण आता पहिल्यासारखा नाही. सकाळी हात थरथरतात. परवा पोतं सुटलं हातातून. मुकादम सगळ्यांदेखत बोलला.

काका : हाताच्या जोरावर घर चालवणारा माणूस तू. तेच हात ऐन वेळी दगा द्यायला लागले.

तो : (थोडा वेळ गप्प राहून) पोरगी डबा घेऊन आली होती तेव्हा. दहावीला आहे. काही बोलली नाही ती. बोलली असती तर बरं झालं असतं.

काका : तिचं गप्प राहणं तुला लागलं.

तो : लागलं. नर्स व्हायचं म्हणते. फीचे पैसे कुठं जातात ते मला ठाऊक आहे, काका.

काका : एक विचारू? सोळा आणे म्हणजे दारू सोडायचीच, आणि शून्य म्हणजे मुळीच नाही. आज तुझं मन किती आण्यांवर आहे?

तो : असेल सहा आणे.

काका : सहा! दोनच का नाही?

तो : दोन कसं म्हणू? पोरगी डोळ्यासमोर येते ना. आणि नाताळाआधी सव्वीस दिवस घेतली नव्हती मी. कोणाला सांगितलं नाही, इतकंच.

काका : सव्वीस दिवस! ही लहान गोष्ट नव्हे. कसं साधलं ते?

तो : मोंढ्यातून सरळ घरी यायचो नाही. बहिणीकडं जायचो, चहा घ्यायचो, मग घरी. त्या वाटेला दुकान लागत नाही.

काका : मी ऐकलं ते बरोबर आहे का बघ. पाठ दुखते, दारूनं रात्र निघते, म्हणून ती सोडणं सोपं नाही. पण हात थरथरायला लागले, पोरीसमोर मान खाली गेली, आणि तिला नर्स करायचं तुझ्या मनात आहे. सव्वीस दिवस तू राहून दाखवलंस, आणि ती वाटही तुला माहीत आहे. आता पुढं काय करावं असं तुला वाटतं?

येथे नमुना थांबवू. पाहा, काकांनी एकदाही ‘सोड’ म्हटले नाही. सोडण्याची सर्व कारणे त्यानेच सांगितली. आण्यांचा प्रश्न विशेष ध्यानात ठेवावा. ‘सहाच का? सोळा का नाही?’ असे विचारले असते तर त्याने दहा सबबी सांगितल्या असत्या. ‘दोन का नाही?’ असे विचारल्याने त्याने मुलीचे नाव घेतले व लपवून ठेवलेले सव्वीस दिवस बाहेर काढले.

६. माहिती व योजना

आपल्याजवळ जे ज्ञान आहे ते सांगूच नये असे नाही. पण आधी विचारावे, मग सांगावे, मग पुन्हा विचारावे. ‘हात का थरथरतात, याविषयी तुला काय माहीत आहे? मी एक गोष्ट सांगू का?’ त्याने होकार दिल्यावर थोडक्यात सांगावे, आणि ‘तुला यात काय पटतं?’ असे विचारून थांबावे. उंबरठ्यावर ‘येऊ का’ विचारणे जसे सभ्यपणाचे, तसेच मनाच्या दारापाशीही आहे. खुद्द प्रभुदेखील दाराशी उभा राहून ठोकतो; दार फोडून आत येत नाही (प्रकटीकरण ३:२०).

मन वळू लागले की योजना लहान, ठरलेली व त्याची स्वतःची असावी. कोणत्या दिवसापासून? कोणत्या वाटेने घरी यायचे? मजुरी कोणाच्या हाती द्यायची? मित्राने हाक मारली तर काय म्हणायचे? पाठदुखीसाठी कोणत्या दवाखान्यात जायचे? पहिल्याच भेटीत हे सारे ठरवण्याची घाई करू नये. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातील दोन पुत्रांपैकी एक तत्काळ ‘जातो’ म्हणाला व गेला नाही. दुसरा ‘जात नाही’ म्हणाला, पण मागून मन बदलून गेला. घाईने घेतलेली शपथ पहिल्या पुत्राचे उत्तर आहे.

मध्येच पाय घसरला तर, ‘मला ठाऊकच होते’ हे शब्द सेवकाच्या तोंडून कधीही निघू नयेत. ‘किती दिवस राहिलास? त्या दिवशी काय झाले? पुढच्या वेळी काय निराळे करशील?’ असे विचारावे. चालायला शिकणारे मूल पडले म्हणून आई त्याला पाळण्यात बांधून ठेवत नाही.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप : अशाने पापाला पाप म्हणायचे राहून जाईल. उत्तर असे की, ही रीत पापाला पुण्य म्हणत नाही. नाथानाने दाविदाचे पाप झाकले नाही. दाविदाचे कान उघडेपर्यंत थांबला, इतकेच. व्यासपीठावरून मंडळीला स्पष्ट उपदेश होत राहावा. पण एकेकट्या माणसाच्या ओसरीवर ते व्यासपीठ नेऊ नये. शिवाय ज्या पश्चात्तापाचे शब्द आपण पढवले तो आपला पश्चात्ताप होय, त्याचा नव्हे. पाप पटवून देणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, असे आपण विश्वासाने मानतो. मग त्याला बोलण्यास थोडी जागा नको काय?

दुसरा आक्षेप : ही तर गोड बोलून दुसऱ्याला आपल्या मनासारखे करण्याची युक्ति झाली. ज्याच्या मनात प्रीति नाही त्याच्या हाती ती युक्तिच होईल, हे खरे. म्हणून सेवकाने हे निश्चित करूनच घराबाहेर पडावे की, निवड त्या माणसाची आहे, आणि त्याने नकार दिला तरी मी पुन्हा येईन व त्याला भाऊच म्हणेन. हे निश्चित नसेल तर त्या दिवशी जाऊ नये.

८. जेथे नुसते बोलून भागत नाही

सेवकाने पुढील गोष्टी विसरू नयेत, कारण त्यांत जीव गुंतलेला आहे.

(अ) जो रोज व पुष्कळ पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात, घाम सुटतो, झोप नाहीशी होते, त्याने दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोनचार दिवसांत झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी मृत्यूही घडतो. असा मनुष्य ‘आजपासून बंद’ म्हणाला तर आनंदाच्या भरात त्याला एकटा ठेवू नये. प्रथम डॉक्टरकडे न्यावे. आपल्या नमुन्यातील हमाल ह्याच वर्गातला आहे. त्याचे मागील सव्वीस दिवस निभावले म्हणून पुढील वेळीही निभावेल असे धरू नये. नुसती प्रार्थना करून त्याला घरात कोंडणे हा विश्वास नव्हे.

(आ) घरात बायकोमुलांना मारहाण होत असेल, तर आधी त्यांची सुरक्षितता, मग त्याचे मनपरिवर्तन. गोव्याच्या वर सांगितलेल्या प्रयोगात पिणे कमी झाले, पण बायकोला होणारा जाच त्या भेटींनी कमी झाल्याचे दिसले नाही, हे सेवकांनी ध्यानात ठेवावे. ‘तो सुधारतो आहे, तू सोस’ असे कोणत्याही बहिणीला मंडळीच्या नावाने सांगू नये. तिला माहेरी, नातेवाइकांकडे किंवा मंडळीतील विश्वासू घरी आसरा द्यावा, व कायद्याची मदत घेण्यास तिच्यासोबत जावे.

(इ) ‘मी जगून काय करू?’ असे कोणी बोलला तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवावेत, व उपचार मिळवून द्यावा.

मदतीसाठी शासनाचा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी १४४१६ हा आहे, व व्यसनमुक्तीचा १४४४६. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ह्या बंधुमंडळाच्या सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भरतात. तेथे दारू सोडलेले लोकच एकमेकांचा हात धरतात. हे क्रमांक मंडळीच्या दारावर लिहून लावावेत.

९. वर्गात करावयाचा अभ्यास

दोघा दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने आपली एखादी साधी गोष्ट सांगावी, जी बदलावी असे वाटते पण बदलत नाही : तंबाखू, उशिरा निजणे, भावाशी अबोला. दुसऱ्याने पाच मिनिटे सल्ला देऊ नये, स्वतःची हकिकत सांगू नये. फक्त मोकळे प्रश्न व प्रतिसाद द्यावेत. मग बाजू बदलावी. सल्ला गिळून बसणे किती अवघड आहे हे त्या पाच मिनिटांत कळेल, आणि कोणी आपले नीट ऐकले म्हणजे कसे वाटते तेही कळेल.

विचारासाठी प्रश्न

१. बेथेसदा येथील मनुष्याने प्रभूच्या प्रश्नाला सरळ उत्तर का दिले नसावे?
२. उधळ्या पुत्राने परत जाण्याची कोणकोणती कारणे स्वतःला सांगितली?
३. आपल्या मंडळीत शिस्तीखाली असलेल्या सभासदाकडे गेल्या वर्षभरात कोण, किती वेळा, नुसते ऐकण्यासाठी गेले?
४. आण्यांच्या प्रश्नात ‘कमी का नाही?’ असे विचारण्याचे कारण काय?
५. आपल्या गावातील कोणत्या घरी बोलण्याआधी बायकोमुलांच्या आसऱ्याची तजवीज करणे जरूर आहे?

प्रार्थनेचे विषय

ज्यांची नावे मंडळीच्या पटावरून निघाली पण देवाच्या अंतःकरणातून निघाली नाहीत, त्यांच्यासाठी. त्यांच्या बायकोमुलांच्या संरक्षणासाठी. सेवकांना ऐकणारे कान व आवरलेली जीभ मिळावी म्हणून. आणि येत्या आठवड्यात प्रत्येक वडिलांनी अशा एका घरी जावे म्हणून. ते घर कोणते, हे प्रत्येकाने प्रार्थनेतच ठरवावे.